एकटीने कोचीला जाऊन करायचे तरी काय?

आज गुरुवार. दुपारी भाचीचा एर्नाकुलमहून, म्हणजे कोचीहूनच, फोन आला. काल संध्याकाळी नेत्रावती एक्स्प्रेसने रत्नागिरीहून निघालेली मुलगी, स्टेशनाजवळच्या एका लॉजच्या काउंटरवर पाठीवरच्या पिशवीसकट उभी होती आणि 'सिंगल पर्सनला खोली देत नाही' असे तिला नुकतेच सांगण्यात आले होते. हातात आधार कार्ड, खात्यात स्वतःच्या पगाराचे पैसे, तरी नाही. तासाभरात तिला फोर्ट कोचीत एका घरगुती होमस्टेत खोली मिळाली, त्यामुळे कृपया कोणी काळजीचे फोन करू नयेत. माझा संताप त्या लॉजवाल्यावर आहेच, पण त्याहून जास्त तो आमच्या घरच्या ग्रुपवर आहे. तिथे ही बातमी पडताच एका आदरणीय नातेवाइकांनी लिहिले, 'एकटी गेलीच कशाला? आणि एकटीने तिथे करायचे तरी काय?' त्याखाली अंगठ्यांची रांग लागली. ग्रुपवर उत्तर दिले असते तर ते उद्याच्या सुप्रभाताच्या फुलांखाली गाडले गेले असते, म्हणून इथे लिहीत आहे.

हा प्रसंग मला नवा नाही. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी मी त्याच शहरात, तशाच एका काउंटरवर उभी होते. मॅनेजरने रजिस्टर माझ्याकडे वळवले, 'सोबत कोण' या रकान्यावर बोट ठेवले आणि तो रकाना मी रिकामा सोडल्यावर रजिस्टर पुन्हा स्वतःकडे ओढून घेतले. घरातल्या कोणाशी तरी बोलल्याशिवाय खोली देता येणार नाही, असे तो इंग्रजीत म्हणाला. मी आईचा नंबर दिला. आईला इंग्रजी येत नव्हते, त्याला मराठी येत नव्हते, आणि लांबचा फोन म्हणजे ओरडूनच बोलायचे या तिच्या समजुतीमुळे तिचे प्रत्येक वाक्य मला काउंटरच्या अलीकडे ऐकू येत होते. 'माझीच मुलगी आहे हो ती. मास्तरीण आहे. पैसे बुडवायची नाही, आणि जीव तर मुळीच द्यायची नाही. ती जेवली का तेवढे विचारा.' मॅनेजरला यातले काय कळले ते देव जाणे, पण त्याने फोन ठेवला आणि किल्ली दिली.

ही गोष्ट मी आजवर अनेकदा हसत हसत सांगितली आहे. आज हसू येत नाही. मी तेव्हा चाळिशीला आलेली, सरकारमान्य शाळेत कायम नोकरी असलेली बाई होते. माझे ओळखपत्र पुरेसे नव्हते आणि ज्या भाषेतले अक्षरही कळत नाही त्या भाषेतली आईची हमी मात्र पुरेशी होती. आणखी एक गोष्ट मी सहसा सांगत नाही. आईशी बोलणे चालू असतानाच माझ्या शेजारी एक गोरी मुलगी येऊन उभी राहिली, तिने पासपोर्ट पुढे केला, फॉर्म भरला आणि ती जिना चढून गेली. तीही एकटीच होती. तिच्या आईला कोणी फोन लावला नाही.

लॉजवाल्यांची अडचण असते, हे मान्य. एकटे येऊन खोलीत जीव देणारी माणसे असतात आणि मग पोलिसांचे सारे लचांड त्या मॅनेजरच्या गळ्यात पडते. झाले, मान्य केले. पण म्हणून प्रत्येक एकट्या माणसाकडे मरायलाच आल्यासारखे पाहायचे का?

आता 'करायचे काय' या प्रश्नाकडे येते. मुळात हा प्रश्न विचारणाऱ्यांनी सहलीला जाऊन काय केले आहे, ते मी जवळून पाहिले आहे. बस थांबते, सगळे उतरतात, फोटो काढतात, कोणीतरी हरवते, त्याला शोधतात, मग जेवणावरून चर्चा होते. कोचीत अशा बसगाड्या चिनी जाळ्यांपाशी थांबतात आणि थोड्याच वेळात निघून जातात. त्या जाळ्यांपाशी मी एका सकाळी उन्हे चढेपर्यंत बसून होते. मल्याळीत त्यांना चीनावला म्हणतात. किनाऱ्यावर रोवलेल्या लाकडी सांगाड्याच्या टोकाला भले मोठे जाळे, आणि मागच्या बाजूला दोरांना बांधलेले मोठमोठे दगड. एक माणूस आडव्या वाशावरून पाण्याच्या दिशेने चालत गेला की त्याच्या वजनाने जाळे पाण्यात उतरते. मग चार-पाच जण मागून दोर ओढतात, दगड एकामागून एक जमिनीवर टेकतात आणि जाळे वर येते. त्यात बहुतेक वेळा मूठभर मासळी असते, कधी तीही नसते, कधी नुसतीच जलपर्णी. त्यांनी मलाही दोर ओढायला बोलावले आणि नंतर त्याचे पैसे मागितले. बोलावतात ते त्यासाठीच. पण दोराला हात लावला तेव्हा कळले की ओढण्याची लय आधी पायात धरावी लागते. वीस जणांच्या घोळक्यात मला हे कोणी कळू दिले नसते, कारण तोवर कोणाला तरी चहा हवा असता.

बंदराच्या शहरात करण्यासारखे सर्वांत मोठे काम म्हणजे होडीत बसणे, आणि त्यासाठी सोबत लागत नाही. मरीन ड्राइव्हवरच्या 'सूर्यास्त दर्शन' बोटींवर मोठ्या आवाजात गाणी लावतात. त्या सोडून द्याव्यात. एर्नाकुलम जेट्टीवरून सरकारी जलवाहतूक खात्याच्या बोटी फोर्ट कोची, मट्टनचेरी, वायपीनकडे जातात. तिकीट इतके स्वस्त की त्यात आपल्याकडे रिक्षात बूडही टेकवता येणार नाही. मी इंजिनाजवळच्या बाकावर बसायचे. वर सुकाणूपाशी बसलेला सारंग दोरी ओढून घंटा वाजवतो, इंजिनापाशी बसलेला ड्रायव्हर त्या ठोक्यांवरून वेग कमी-जास्त करतो आणि बोट मागे-पुढे घेतो. दोघे एकमेकांना पाहू शकत नाहीत. जेट्टी जवळ आली की लास्कर, म्हणजे खलाशी, दोरखंड खुंटाला असा अडकवतो की बोट धक्का न देता बाजूला येऊन टेकते. मी रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदराच्या धक्क्यावर तांडेल मंडळींना होड्या हाकताना पाहत वाढले, तरी हे घंटेचे बोलणे मी पहिल्यांदाच ऐकले. एप्रिल 2023 पासून तिथे विजेवर चालणारी वॉटर मेट्रोही सुरू झाली आहे; ती थंडगार, स्वच्छ आणि देखणी आहे, भाचीने तिच्यातूनही जावे. पण आधी जुन्या बोटीतून जावे, कारण तिथे शेजारी बसणाऱ्या बाईच्या मांडीवर मासळीची टोपली असते.

आणि याच बोटीतून जाताना त्या बंदराचा इतिहासही डोळ्यांसमोर येतो. 1341 सालच्या पेरियार नदीच्या महापुराने जुने मुझिरिस बंदर गाळाने भरले आणि कोचीचे मुख मोकळे झाले, असे सांगितले जाते. पुढे 1920 साली रॉबर्ट ब्रिस्टो नावाचा इंजिनिअर आला. मुखाशी वाळूचा बांध होता आणि मोठी जहाजे आत येऊ शकत नव्हती. त्याने तो खोदून काढला आणि उपसलेल्या गाळातून विलिंग्डन बेट उभे केले. आज त्याच वाटेने वल्लारपाडमच्या धक्क्याला जाणारी कंटेनरची जहाजे फोर्ट कोचीच्या किनाऱ्यासमोरून इतकी जवळून जातात की डेकवरचा माणूस हात हलवतो ते दिसते. त्या मुखाशी डॉल्फिनही दिसतात. त्यासाठी वाट पाहावी लागते, आणि वाट पाहण्याच्या बाबतीत कुटुंबासारखे अधीर कोणी नसते.

इथवर लिहून झाले तेव्हा राग थोडा ओसरला होता. मग आई आठवली. मी परत आल्यावर तिने 'त्या माणसाने तुला नीट खोली दिली ना?' एवढे विचारले आणि नंतर 'चर्चमध्ये काय पाहिलेस ते सांग' म्हणाली. सेंट फ्रान्सिस चर्चमध्ये वास्को द गामाची कबर आहे, हे तिला कुठूनसे माहीत होते. तो 1524 साली कोचीत वारला, तिथेच पुरला गेला आणि 1539 मध्ये त्याचे अवशेष पोर्तुगालला नेण्यात आले. आता तिथे उरला आहे तो फक्त दगड, कठड्याआड. 'म्हणजे तोही गेलाच की घरी,' असे ती म्हणाली. आईने आयुष्यात एकही रात्र लॉजमध्ये एकटीने काढली नव्हती. तिला जायला आवडले असते का, हे मी तिला कधी विचारले नाही, आणि आता ती नाही.

मट्टनचेरीबद्दल मात्र मी थोडे विस्ताराने लिहिणार आहे, कारण आपल्या माणसांना तिथले आपलेच काही ठाऊक नसते. चेरळाई भागात कोकणी बोलणाऱ्यांची जुनी वस्ती आहे. पोर्तुगीजांच्या जाचामुळे गोवा सोडून गेलेल्या सारस्वतांनी तिथे तिरुमल देवस्वम उभारले. देवळाबाहेरच्या गल्लीत दोन म्हातारे गप्पा मारत होते. मी शेजारच्या ओट्यावर टेकले आणि पाच मिनिटांत मला त्यांचे निम्मे बोलणे समजू लागले. डच गव्हर्नर व्हान ऱ्हीड याने मलबारच्या वनस्पतींवर जो 'हॉर्टस मलबारिकस' नावाचा बारा खंडांचा ग्रंथ करवून घेतला, त्यात इट्टी अच्युतन या मल्याळी वैद्याबरोबर रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट हे तीन कोकणी वैद्यही होते. त्यांचे कोकणीतले प्रमाणपत्र 1678 साली ॲम्स्टरडॅमला छापलेल्या पहिल्या खंडात नागरी अक्षरांत आहे. आपल्या लिपीचा मजकूर साडेतीनशे वर्षांपूर्वी युरोपात छापला गेला, तो या बंदरातून गेलेला आहे. सहलीच्या बसमधला गाइड यातले चकार शब्द सांगत नाही. तो मसाल्याच्या दुकानाकडे नेतो, कारण तिथे त्याचे कमिशन असते.

वेली भागातला धोबीखाना हेही एकट्यानेच पाहण्याचे ठिकाण आहे. डचांनी आपल्या सैन्याचे कपडे धुण्यासाठी तमिळ परीट आणले, त्यांचे वंशज आजही तिथे धुतात, वाळवतात, इस्त्री करतात. दोन दोऱ्या एकमेकींभोवती पिळलेल्या असतात आणि कपड्याचे टोक त्या पिळात खोचलेले असते. चिमटा नाही, तरी वाऱ्याने काही उडत नाही. तिथे दहा जणांनी जाऊन उभे राहणे हा त्यांच्या कामातला अडथळा असतो. एकटी बाई कोपऱ्यात उभी राहिली तर तिला स्टूल देतात, निदान मला दिले.

जेवणाचे म्हणाल, तर साध्या खानावळीत केळीच्या पानावर तांबूस उकड्या तांदळाचा भात, मासळीची आमटी आणि तोरन, म्हणजे खोबरे घातलेली सुकी भाजी, एका माणसालाही तितक्याच मायेने वाढतात. टेबलाच्या समोरच्या खुर्चीवर अनोळखी माणूस येऊन बसतो आणि कोणालाच त्यात वावगे वाटत नाही. वावगे वाटते ते चकचकीत हॉटेलांना, जिथे एकटीला हात धुण्याच्या बेसिनजवळचे टेबल मिळते आणि मासळीचा थाळा 'किमान दोघांसाठी' असतो.

रात्रीचे फिरणे जपूनच करावे लागते. ताडीच्या दुकानात एकट्या बाईने जाणे अवघड आहे. आजारी पडल्यास पाणी द्यायला कोणी नसते. ही तीनही विधाने खरी आहेत आणि ती मला गेली कित्येक वर्षे ऐकवली जात आहेत, बहुतेक वेळा ज्यांनी मला आजारपणात कधी पाणी दिले नाही त्यांच्याकडून. हे वाक्य खोडावे असे क्षणभर वाटले. खोडत नाही.

आणि पुन्हा त्या फोनकडे येते, कारण माझा मुद्दा तिथेच आहे. आज भाचीने ताईचा नंबर दिला असता तर तिलाही खोली मिळाली असती, कदाचित. तिने दिला नाही. 'मावशी, मी चोवीस वर्षांची आहे, आईची चिठ्ठी कशाला दाखवू?' असे ती मला म्हणाली, पिशवी उचलली आणि फेरीने पलीकडे गेली. मी तेव्हा आईचा नंबर दिला होता, याचा मला पश्चात्ताप नाही. रात्र झाली होती आणि पाय दुखत होते. पण ज्या मुलीने नाही म्हटले तिला ग्रुपवर 'हट्टी' ठरवले जात असेल, तर मी कोणाच्या बाजूने आहे हे सर्वांना कळलेले बरे.

भाची, तू हे वाचत असशीलच. उद्या शुक्रवार आहे, म्हणजे मट्टनचेरीचा राजवाडा बंद आणि दुपारनंतर ज्यूंचे प्रार्थनास्थळ, सिनेगॉग, तेही बंद. तेव्हा उद्या सकाळी जाळी, चर्च आणि धोबीखाना कर, संध्याकाळी चेरळाईत जा. शनिवारी राजवाड्यातली रामायणाची भित्तिचित्रे पाहा. ती शयनगृहात आहेत आणि आत फोटो काढू देत नाहीत, त्यामुळे डोळे भरून पाहा. शनिवारी सिनेगॉग बंदच असते, ते रविवारी. 1568 सालचे आहे, जमिनीवरच्या निळ्या-पांढऱ्या चिनी फरशा हाताने रंगवलेल्या आहेत. आणि ग्रुपवर उत्तर देऊ नकोस. तिथे काय लिहायचे ते मी बघते.