ब्रेक लावत जा हो!

हल्दीघाटीच्या लढाईत राणा प्रतापांच्या चेतकाने ओढा ओलांडला म्हणतात. आमच्या चेतक स्कूटरने गेल्या महिन्यात सदाशिव पेठेतला लाल सिग्नल ओलांडला. दोन्ही वेळा स्वार पाठीवरच होता. फरक एवढाच, की मला थांबायचं होतं.

गाडी १९८८ची, बाबांनी नंबर लावून मिळवलेली. मागचा ब्रेक दाबला की आधी ‘कुईंऽऽ’ व्हायचं आणि मग सवडीने वेग उतरायचा. उजवा पाय पेडलवर आणि डाव्या पायाची चप्पल रस्त्यावर, असा मी थांबायचो. दर रविवारी केबलचा नट दोन आटे आवळायचा. आटे संपले, तेव्हा मागच्या चाकाचा ब्रेकचा ड्रम उघडणं आलं.

“मिस्त्रींकडे द्या की,” बायको म्हणाली. पण मी व्हिडिओ पाहिला होता.

चाकाच्या मधल्या नटावर टोपी, टोपीत स्प्लिट पिन. पक्कडीने ओढल्यावर पिनेचा एक पाय हातात आला, दुसरा आतच राहिला. तो काढण्यात सकाळ गेली. मग नटाला पाना लावून जोर केला, तर नटासकट चाकच फिरायला लागलं. चाक अडवायचं कसं? ब्रेक दाबून! म्हणजे ब्रेक दुरुस्त करायला आधी चांगला ब्रेक पाहिजे.

“अहो, मी उभी राहते पेडलवर.” राहिली, चक्क दोन्ही पायांनी. तरी चाक फिरलंच.

“वजन उतरलंय वाटतं माझं!” ती खुशीत म्हणाली. मी गप्प बसलो. एवढं शहाणपण आहे मला.

शेवटी गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकली, पान्याला नळाचा तुकडा जोडला आणि त्याला लोंबकळलो. नट सुटला, मीही सुटलो.

ड्रम निघाला. लायनर, म्हणजे ड्रमला आतून घासून चाक थांबवणारे पट्टे, झिजलेले नव्हतेच! ऑइल सील गेल्यामुळे गिअरबॉक्सचं ऑइल पाझरून दोन्ही लायनर लोणच्यातल्या फोडींसारखे मुरले होते. केबल आवळून काय कपाळ होणार? तरी पॉलिश पेपरने घासून पाहिले. बसवताना त्यांच्यामधली स्प्रिंग उडाली ती थेट तुळशीत. मग मात्र मिस्त्रींना फोन केला.

“तेल प्यालेला लायनर सुधारत नसतो, साहेब,” ते म्हणाले. नवं सील, नवे लायनर, लायनर फाकवणाऱ्या ब्रेकच्या कॅमला बोटाच्या टोकाएवढं ग्रीस. स्प्रिंग त्यांनी स्क्रूड्रायव्हरने एका झटक्यात बसवली, तीही माझ्याकडे बघत. “चाक हाताने फिरवा. अगदी किंचित घासल्यासारखं वाजलं पाहिजे. त्यापुढे आवळलंत तर ड्रम तापेल. तुम्हाला आवळायची सवय आहे, म्हणून सांगतो.”

आता गाडी जागच्या जागी थांबते, आणि निमूट. पंचाईत अशी, की आमच्या बोळातली माणसं इतकी वर्षं त्या ‘कुईं’वर बाजूला व्हायची. काल कोपऱ्यावरचे आजोबा भाजीची पिशवी घेऊन मधोमध चालले होते. मी त्यांच्यापासून वीतभर अंतरावर, आवाज न करता थांबलो. त्यांनी मागे वळून पाहिलं आणि हातातली मेथीच सोडली.

“अहो, ब्रेक लावत जा हो जरा!”