‘कैद्याला कसली आलीय आत्मकथा?’ या फॉरवर्डला उत्तर

तुरुंगातल्या एलजीबीटीक्यू व्यक्तींच्या लेखनाबद्दल व्हॉट्सअ‍ॅपवर एक मजकूर वेगवेगळ्या रूपांत फिरतो. गोषवारा असा: कैद्याला लिखाण बाहेर पाठवायचा हक्कच नसतो, ‘तसल्या’ कैद्यांच्या नावावर संस्थाच लिहितात, खरं असेल तर नावानिशी सांगावं, आणि गुन्हेगारांना असं डोक्यावर घेणं हा पीडितांचा अपमान आहे.

‘हक्कच नसतो.’

हा वाद मुंबईतल्याच एका प्रकरणात 1965 साली निकालात निघाला. भारत संरक्षण नियमांखाली स्थानबद्ध असलेल्या प्रभाकर संझगिरींनी तुरुंगात अणुविज्ञानावर मराठी पुस्तक लिहिलं. हस्तलिखित छपाईसाठी बाहेर पाठवायला सरकारनं नकार दिला. उच्च न्यायालयानं तो मोडीत काढला आणि सर्वोच्च न्यायालयानं तेच कायम केलं: स्थानबद्धतेच्या अटींत अशी मनाई नाही, मग अडवता कशाच्या आधारे? संझगिरी शिक्षा भोगत नव्हते, हे खरं. पण 1994 च्या आर. राजगोपाल खटल्यात (राजगोपाल हे संपादक) लिहिणाऱ्या कैद्याला फाशीची शिक्षा झालेली होती; तरीही त्याची आत्मकथा छापण्याआधीच रोखण्याचा अधिकार अधिकाऱ्यांना नाही, असं न्यायालयानं सांगितलं.

हक्क आहे, पण पत्र अडतं ते पाकिटावर. पारलिंगी व्यक्तीनं निवडलेलं नाव तुरुंगाच्या रजिस्टरमध्ये नसेल, तर त्या नावानं पाठवलेलं पत्र पोहोचतच नाही. म्हणून लिखाण मागवणाऱ्या संपादकानं पाकिटावर रजिस्टरमधलं नाव, वडिलांचं नाव आणि बंदी क्रमांक लिहावा. तिला हवं ते नाव आत, तेही तिला विचारून. पाठवणाऱ्याच्या पत्त्यात ‘क्वीअर’, ‘प्राइड’ असलं काही नको. पत्र आधी कार्यालयात वाचलं जातं आणि पाकीट बरॅकमध्ये दहा हातांतून फिरतं. प्रत्येक पानावर ‘1/6’, ‘2/6’ असे आकडे घालायला सांगावं, म्हणजे मधलं पान गळलं तर लगेच कळतं. कच्ची प्रत लेखकाकडे राहावी, पण तिच्यात धोक्याचं काही नको, कारण झडतीत कागद हाती लागतात.

‘संस्थाच लिहून देतात.’

असं होऊ शकतं, आणि ते वाईटच. यावर उपाय शिस्तीचा आहे: मूळ हस्ताक्षरातली प्रत जपून ठेवा, केलेले बदल वेगळ्या शाईत दाखवून मजकूर परत पाठवा, होकार आल्याशिवाय छापू नका. ज्याला लिहिता येत नाही त्याचं दुसऱ्यानं लिहून घेतलं, तर ते त्याला वाचून दाखवलं का, हे विचारा.

मराठीत घोळ कुठे होतो ते बघा. ‘मी शाळेत गेलो’ आणि पुढच्याच पानावर ‘मी घर सोडून निघाले’. मुद्रितशोधकाचा हात शिवशिवतो आणि तो सगळीकडे ‘गेले’ करून टाकतो. झालं, आयुष्य जिथे वळलं ती जागाच पुसली. कधी ‘तो’ म्हणून लिहिलेलं माणूस ‘ती’ असतं, कारण पत्र वाचलं जाणार हे लिहिणारीला ठाऊक असतं. चूक आहे की आडपडदा, हे आपण ठरवायचं नाही. अशा जागी खूण करून ठेवावी आणि छापण्याआधी तिलाच विचारावं. तेही पत्रातून नको, भेटीला जाणाऱ्या विश्वासातल्या माणसामार्फत.

‘खरं असेल तर नावानिशी सांगावं.’

फॉरवर्डमधला सर्वांत घातक मुद्दा हाच, कारण तो चांगल्या माणसांनाही पटतो. लेखक त्याच बरॅकमध्ये, त्याच पहाऱ्याखाली झोपतो. शिवाय नुसतं नाव बदलून भागत नाही. एखाद्या तुरुंगात पारलिंगी बंदी दोन-तीनच असतील, तर ‘अमुक जिल्ह्याच्या तुरुंगातली तृतीयपंथी’ एवढं म्हणणं म्हणजे नावच घेणं. जिल्हा, अटकेचं वर्ष, कलम, गुरूचं नाव, शरीरावरची खूण, यांतल्या दोन गोष्टी एकत्र आल्या की ओळख पटते. संमती एकदाच घेऊन चालत नाही. वाचायला, संपादनाला, छापायला आणि इंटरनेटवर टाकायला वेगवेगळी घ्या. इंटरनेटवर गेलेलं परत घेता येत नाही, हे आधी स्पष्ट सांगा.

‘गुन्हेगारांना डोक्यावर घेणं…’

राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या 2022 च्या आकडेवारीनुसार देशातल्या 5,73,220 बंद्यांपैकी 4,34,302 जण कच्चे कैदी होते, म्हणजे शंभरातल्या पंचाहत्तरांहून अधिक. त्यांचा गुन्हा अजून सिद्ध व्हायचाय. प्रौढांमधले संमतीचे समलिंगी संबंध तर 2018 पासून गुन्हाच नाहीत.

पीडितांची काळजी मात्र रास्त आहे. लैंगिक अत्याचारातल्या पीडितेची ओळख छापणं हा गुन्हा आहे. सहबंद्यांची नावंही गाळायची. खटला चालू असेल तर ‘त्या रात्री काय घडलं’ हे लिहूच नये, कारण ते कबुलीजबाब म्हणून न्यायालयात पुढे येऊ शकतं. वकील आणि अशील यांच्यातल्या संवादाला कायद्याचं संरक्षण आहे, संपादकाला लिहिलेल्या पत्राला नाही. बालपण, तमाशातले दिवस, मुलाकतीची रांग, बरॅकमधलं रोजचं जगणं, यांतही लिहिण्यासारखं भरपूर असतं.

पत्रात तुरुंगातल्या छळाची किंवा अत्याचाराची हकीकत आली, तर ती छापण्याची घाई नको. मजकूर वकिलाकडे द्या. वकील नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. कोठडीतल्या माणसाला मोफत विधी साहाय्य 1987 च्या कायद्यानं मिळतंच. आणि लेखकाला उत्तर पाठवताना ‘पत्र मिळालं, तब्येत सांभाळा’ एवढंच लिहा, कारण ते उत्तरही आधी कार्यालयातच उघडलं जातं.