साडी नेसलेली बाई तुमच्या कॅमेऱ्याला दिसत नाही?

‘मॅम, आईंना ट्रॅकपँट घालायला सांगून बघा ना.’

कस्टमर केअरच्या मुलीने काल मला फोनवर हे ऐकवलं आणि तेव्हापासून माझं डोकं जे सणकलंय ते अजून ताळ्यावर नाही. तिच्यावर राग नाही. तिच्या समोर स्क्रीनवर जे लिहून ठेवलंय ते ती बिचारी वाचते. पण ज्याने कुणी ते लिहिलं त्याला समोर बसवून विचारायचंय मला. अडुसष्ट वर्षांची बाई. साडी नेसून लोकल पकडली, साडी नेसून तीस वर्षं नोकरी केली, साडी नेसून जिन्यावरून पाण्याच्या कळश्या वर आणल्या. तिने तुझ्या खेळण्यासमोर उभं राहायचं म्हणून पँट घालायची?

टीव्हीसमोर हात-पाय हलवून गेम खेळायचा तो डबा भावोजींनी आणला. टीव्हीखाली ठेवायचा, पुढे कॅमेरा, हातात काहीच धरायचं नाही, ‘तुमचं शरीर हाच कंट्रोलर’. वीस हजारांच्या आसपास किंमत, वर गेम्सचं वर्षाचं सबस्क्रिप्शन वेगळं. भाचा सुट्टीला आलाय, आईला डॉक्टरांनी हालचाल सांगितलीये, लालबागच्या फुटपाथवर चालायला जागा नाही, असा सगळा विचार करून त्यांनी प्रेमाने आणला. त्यांना मी एका शब्दाने बोलणार नाही. त्यांनी मॉलमध्ये डेमो पाहिला होता आणि डेमोत सगळंच चालतं. मागे कोरी भिंत, वर भक्क उजेड, समोर दहा-बारा फूट मोकळी फरशी आणि खेळून दाखवायला अंगाला चिकटणाऱ्या टी-शर्टातला, हात कुठे किती वेळ धरायचा हे पाठ असलेला मुलगा.

आमचा हॉल चौदा बाय दहा. चौदाच्या एका टोकाला खिडकी, दुसऱ्या टोकाला दार आणि स्वयंपाकघराची वाट, त्यामुळे टीव्ही लांब भिंतीवर. म्हणजे हाताशी उरले दहा फूट. त्यातून टीव्हीचं युनिट दीड फूट, समोरचा दिवाण तीन फूट. साडेपाच फूट शिल्लक. या साडेपाच फुटांत आम्ही जेवतो, पाहुण्यांना बसवतो, रात्री गादी घालतो. आणि डब्यासोबतच्या कागदावर शेवटच्या पानावर, मुंगीच्या अक्षरात: दोन खेळाडूंसाठी आठ फूट. खोक्याच्या दर्शनी बाजूला मात्र उड्या मारणारं हसरं कुटुंब. हे आठ फूट तिथे, त्या कुटुंबाच्या डोक्यावर छापायला काय झालं होतं?

तरी दिवाणाला पाय टेकवून आई उभी राहिली. पदर खोचला, बांगड्या वर सारल्या. बोलिंगचा गेम, क्रिकेटचं नव्हे, बॉल घरंगळवून समोरच्या पिना पाडायच्या तो. एवढी हौस तिच्या चेहऱ्यावर मी कितीतरी दिवसांनी पाहिली. स्क्रीनवर सूचना आली: पूर्ण शरीर दिसत नाही, मागे सरका. मागे दिवाण. ती थोडी सरकली, पोटऱ्या दिवाणाला लागल्या आणि ती बसली. स्क्रीनवरची बाहुली गुडघ्यात मोडून कोपऱ्यात पडली. आई पुन्हा उठली. तेवढ्यात ‘दुसरा खेळाडू आला’ असं झळकलं. दुसरा खेळाडू कोण, तर खिडकीजवळच्या दांडीवर वाळत घातलेला बाबांचा सदरा, पंख्याच्या वाऱ्याने हलत होता. सदऱ्याला हात आहेत म्हणून तो माणूस, आणि आई माणूस नाही, कारण तिचे गुडघे दिसत नाहीत.

मग आईने काय केलं ऐका. तिने एका हाताने निऱ्या घोट्याच्या वर उचलून धरल्या, पाय दिसावेत म्हणून, आणि दुसऱ्या हाताने बॉल टाकायला गेली. आता तो निऱ्या धरलेला हात अंगाला चिकटला, म्हणून तोही हरवला. बॉल कडेच्या गटारात. पुन्हा सूचना, मागे सरका. भाचा आधी हसत होता, नंतर गप्प झाला, कारण आजीचा चेहरा पडलेला त्याच्याही लक्षात आलं. निऱ्या सोडून, पदर सोडून आई म्हणाली, ‘जाऊ दे गं, या गोष्टींचं माझं वय नाही राहिलं.’

हे मला सहन झालेलं नाही, होणार नाही. तिच्या वयाचा काय संबंध? ती रोज पहाटे उठून अंगण नसलेल्या घराच्या उंबऱ्यावर वाकून रांगोळी काढते. तिचे गुडघे तुमच्यापेक्षा चांगले वाकतात. कमरेखाली कापडाचा एक घोळ दिसला की तुमच्या सॉफ्टवेअरला खुबा कुठे, गुडघा कुठे, घोटा कुठे याचा अंदाज लागत नाही, हे तुमचं अपयश आहे. हे यंत्र लाखो चित्रं बघून शरीर ओळखायला शिकतं म्हणे. त्या लाखोंमध्ये साड्या किती होत्या? लुंग्या, नऊवारी, बुरखे, पंजाबीवरच्या ओढण्या? भारतात विकायला आणताना कुणी एकाने तरी हा प्रश्न विचारला का? दोष यंत्रात आणि ‘जमत नाही’ म्हणून खजील होते माझी आई.

आणि यात नवीन काही नाही, म्हणून जास्त चीड येते. २००९ च्या जूनमध्ये लॉस एंजेलिसच्या ई-थ्री या व्हिडिओ गेम्सच्या प्रदर्शनात मायक्रोसॉफ्टने प्रोजेक्ट नटाल दाखवलं होतं, असंच हातात काही न धरता खेळायचं. पडद्यातला मायलो नावाचा मुलगा समोरच्या बाईशी बोलतो, तिने कागदावर काढलेलं चित्र हातात घेतो. जग वेडं झालं. तो गेम दुकानात कधी आलाच नाही. जे आलं ते किनेक्ट, मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स या गेम मशीनला जोडायचा कॅमेरा, नोव्हेंबर २०१०, अमेरिकेत १५० डॉलर. पहिल्या ६० दिवसांत ८० लाख विकले गेले, गिनेस बुकात नोंद झाली. तेव्हाही हेच: एकट्याला सहा फूट, दोघांना आठ फूट, सैल कपडे नकोत, कडक ऊन नको. म्हणजे इतक्या वर्षांपूर्वी माहीत असलेली अडचण आज ‘एआय’चं लेबल चिकटवून आमच्या गळ्यात मारताय.

पुढचं तर सगळ्यांनी पाहिलंय. २०१३ मध्ये एक्सबॉक्स वन या नव्या मशीनबरोबर किनेक्ट सक्तीचं केलं, किंमत ४९९ डॉलर, स्पर्धेतल्या प्लेस्टेशन ४ ची ३९९. लोकांनी तोंडावर नाही म्हटलं. २०१४ च्या जूनमध्ये किनेक्ट काढून टाकून तेच मशीन ३९९ ला आणावं लागलं. २०१६ च्या एक्सबॉक्स वन एसला किनेक्टची वायर लावायला पोर्टच ठेवलं नाही. २०१७ मध्ये उत्पादन बंद. ज्यांनी पैसे भरले ते भरून बसले. त्याच्याही आधी, १९८९ साली, हात हवेत हलवून निन्टेन्डो या जपानी कंपनीच्या गेम मशीनवर खेळायचं यू-फोर्स नावाचं यंत्र आलं होतं. तेही धड चालत नव्हतं. दर पंधरा-वीस वर्षांनी नवी पिढी मोठी होते आणि तिला तीच जुनी थाप नव्याने मारतात.

सेन्सर वाईट होता असं मी म्हणत नाही. पहिल्या किनेक्टच्या आत इस्रायलच्या प्राइमसेन्स कंपनीचं तंत्रज्ञान होतं, खोलीभर इन्फ्रारेड ठिपके टाकून अंतर मोजणारं. रोबोटवर काम करणाऱ्यांनी, संशोधकांनी, कलाकारांनी त्याचं सोनं केलं. २०१३ मध्ये ॲपलने ती कंपनीच विकत घेतली. जिथे मोजायचं काम होतं तिथे ते यंत्र कमालीचं उपयोगी होतं. पण खेळायचं म्हटल्यावर मला दोन साध्या गोष्टी लागतात. मी केलं तेव्हा झालं पाहिजे, आणि झालं हे मला हाताला कळलं पाहिजे. या दोन्ही गोष्टी बटण देतं. हवा देत नाही.

क्रिकेटचंच बघा, कारण या डब्यात क्रिकेटचा गेम आहे आणि जाहिरात त्याचीच सगळ्यात मोठी. कॅमेऱ्याने सेकंदाला ३० फ्रेम घेतल्या तर एकेका फ्रेमलाच ३३ मिलिसेकंद. मग शरीर शोधा, सांधे शोधा, बाहुली हलवा, टीव्हीचा स्वतःचा उशीर वेगळा. दशांश सेकंद इथेच गेला. १४० च्या स्पीडने येणारा बॉल दशांश सेकंदात जवळजवळ चार मीटर पुढे येतो. म्हणजे बॉल दिसल्यावर बॅट फिरवली तर उशीर झालेलाच. भाचा हुशार, त्याने दोन ओव्हरमध्ये शोधून काढलं की बॉलकडे बघायचंच नाही, बोलरचा हात वर गेला की आंधळेपणाने फिरवायचं. चौकार! याला क्रिकेट म्हणायचं? शिवाजी पार्कात त्याला मी रबरी बॉलवर जे शिकवते, ‘शेवटपर्यंत बॉलवर नजर ठेव’, त्याच्या बरोबर उलट सवय हा डबा लावतोय.

आणि चालायचं कसं, सांगा. गेममध्ये पुढे जायचंय, वळायचंय, मागे पळायचंय. हॉलमध्ये चाललं तर टीव्हीवर आपटणार. म्हणून या सगळ्या गेम्समध्ये चालायचं काम गेमच करतो, आपण जागच्या जागी हात ओवाळत बसायचं. निन्टेन्डोला हे बरोबर कळलं होतं. २००६ च्या वी (Wii) या गेम मशीनमध्ये हातात रिमोट दिला, त्याला बटणं दिली, दहा कोटींहून जास्त मशीन विकली. मनीष मार्केटमधून आणलेल्या आमच्या आठ बिटांच्या गेमला दोनच लाल बटणं होती, कॅसेट फुंकून लावायला लागायची, पण उडी मार म्हटलं की उडी. माझी आजीसुद्धा खेळायची, तीही नऊवारीत. बटणाने तिला कधी विचारलं नाही तुम्ही काय नेसलाय.

मेन्यूतला तो गोल तर माझ्या डोक्यात जातो. गेम निवडायला हात हवेत धरायचा, बोटांभोवती एक गोल हळूहळू भरत जातो, भरेपर्यंत हात हलवायचा नाही. भरत आला की खांदा थरथरतो, हात जरासा सरकतो, गोल रिकामा, पुन्हा पहिल्यापासून. त्यात आई पाणी प्यायला स्वयंपाकघराकडे गेली की डबा तिला धरतो, आणि तिच्या हाताने भलताच गेम सुरू होतो. खेळायला बोलावलं तेव्हा ती दिसत नव्हती. पाण्याला जाताना दिसली.

हे मुळात सेन्सरवाल्यांचं सगळीकडचंच आहे. मॉलच्या बाथरूममधले ते सेन्सरचे नळ. हात खाली धरा, नाही. वर धरा, नाही. बाजूला घ्या, पाणी आलं. पुन्हा साबण लावलेले हात खाली, पाणी गेलं. साध्या तोटीने कुणाचं काय बिघडवलं होतं? रेशनच्या दुकानातलं अंगठ्याचं मशीन. शेजारच्या काकूंनी आयुष्यभर भांडी घासली, बोटांच्या रेषा झिजल्या, आता मशीन म्हणतं तुम्ही तुम्हीच आहात हे पटत नाही. त्यांना रांगेतून बाजूला उभं केलं जातं, सगळ्यांसमोर. टीव्हीसमोर हात हलवून आवाज कमी करायचं ते फॅड आठवतंय? चॅनल बदलला जायचा. प्रत्येक ठिकाणी ज्याच्या अंगावर काम केल्याच्या खुणा आहेत, ज्याचं घर लहान आहे, ज्याचे कपडे सैल आहेत, त्यालाच यंत्र ओळखत नाही. आणि प्रत्येक ठिकाणी सुधारायचं असतं ते माणसाने.

मला मिळालेल्या सल्ल्यांची यादी बघा: दिवाण काढा. खिडकीला पडदा लावा. पडदा लावल्यावर अंधार झाला, आता लाइट वाढवा. पंखा बंद करा म्हणजे कपडे हलणार नाहीत. मुंबईत, मे महिन्यात, पंखा बंद करून उड्या मारायच्या! आणि उड्यांचं काय? खालच्या मजल्यावरच्या आजोबांचं बायपास झालंय. पहिल्याच संध्याकाळी त्यांची सून वर आली, काही न बोलता नुसती दारात उभी राहिली, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. हे खोक्यावरच्या हसऱ्या कुटुंबाच्या खाली कुणी राहत नाही का?

रील बनवणाऱ्यांनो, तुमचंही ऐकून घ्या. तुम्हाला डबा फुकट येतो. तुम्ही ज्या हॉलमध्ये नाचून दाखवता त्यात माझं अख्खं घर बसेल. ‘गेमचेंजर आहे गाईज’ म्हणताना एकदा तरी टेप लावून अंतर मोजून दाखवा. ते मोजत नाही, कारण मोजलं की या शहरातली निम्मी गिऱ्हाइकं तिथल्या तिथे गळतील.

परत द्यायला गेले तर दुकानदार म्हणतो सील तुटलंय. सील तोडल्याशिवाय चालतो की नाही हे कळणार कसं? आत ‘दोष नाही’ असा शेरा मारून डबा माझ्या हातात परत. सबस्क्रिप्शनचे पैसे भावोजींच्या कार्डावरून आधीच कापलेले, आणि ते रद्द करायला ॲपमध्ये जावं तर तिथे मात्र बटण आहे, चार पडद्यांच्या आत लपवलेलं.

माझी मागणी सरळ आहे. खोक्याच्या पुढच्या बाजूला मोठ्या आकड्यांत लिहा, किती फूट मोकळी जागा लागते. दुकानातल्या डेमोत एक दिवाण ठेवा, एक दांडी बांधा, वर पंखा लावा, आणि साडी नेसलेल्या बाईला खेळायला उभी करा. आणि खोक्यात एक साधा रिमोट टाका, बटणांचा. शे-दोनशे रुपयांचा खर्च आहे.

आता कुणीतरी येऊन लिहिणारच की आमच्याकडे तर मस्त चालतो. लिहा. पण आधी हॉलची लांबी-रुंदी फुटांत लिहा, फर्निचर वगळून, आणि खेळताना घरात किती माणसं होती तेही लिहा. मग बोलू.