बारा दिवसांचा जखमी

२०१९ च्या ऑगस्टात सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. धोक्याची पातळी ४५. आमचं घर या दोन आकड्यांच्या मधे कुठेतरी येतं. न्यायला आलेल्या पोरांनी गॅलरीत उभ्या माझ्याकडे पाहिलं, मग होडीकडे, मग एकमेकांकडे. "काका, तुम्ही शेवटच्या फेरीला या की," एक जण म्हणाला. शेवटच्या फेरीला मी, वल्हवणारे दोघे आणि एक शेळी होतो. शेळीला आधी घेतलं.

ते मनात राहिलं. पुढे आपत्तीत मदतीला धावणाऱ्या स्वयंसेवकांसाठीच्या सरकारी 'आपदा मित्र' प्रशिक्षणाबद्दल वाचलं : बारा दिवस, वय १८ ते ४०, शिक्षण किमान सातवी. चाळिशी पुरी व्हायला मला तीन महिने होते आणि सातवी मी पहिल्याच फटक्यात काढली होती. वजनाबद्दल कुठे काही लिहिलेलं नव्हतं. "अहो, गॅसची टाकी आत घ्यायला तुम्ही शेजारच्या बंड्याला हाक मारता," बायको म्हणाली. मी नाव नोंदवून आलो.

आमचे उस्ताद म्हणजे पलटणीतून निवृत्त झालेले सुभेदार. पहिल्या सकाळी रांगेवरून नजर फिरवत आले आणि माझ्यापाशी थांबले.

"वजन?"

"ब्याण्णव."

"बाहेर या."

घरी धाडतायत असं वाटलं. पण ते पोरांकडे वळून म्हणाले, "पुरात माणूस तुमच्या सोयीचं वजन घेऊन अडकत नाही. ह्यांना उचललंत तर कुणालाही उचलाल." झालं. वाचवायला शिकायला गेलेला मी त्या मिनिटापासून कॅज्युअल्टी, म्हणजे सरावातला जखमी, झालो.

चार हातांची बैठक हा प्रकार दिसायला देखणा. दोघांनी आपलं एक मनगट आणि समोरच्याचं एक मनगट धरून चौकट करायची, जखमीने तिच्यावर बसून दोघांच्या गळ्यात हात टाकायचे. मी बसलो. दोन पावलांनंतर चौकटीचा त्रिकोण झाला आणि आम्ही तिघंही जमिनीवर आलो. फायरमन लिफ्टला एक कवठेमहांकाळचा पैलवान पुढे आला. त्याने मला खांद्यावर घेतलं खरं, पण त्याच्या गळ्यातून जो आवाज निघाला तो ऐकून शेडवरची कबुतरं उडाली. पुढचा अर्धा तास खरा जखमी तोच होता.

दोरीच्या गाठींच्या दिवशी तरी हातात काही येईल अशी आशा होती. बोलाईन, क्लोव्ह हिच, रीफ नॉट पोरं बांधत होती, आणि चेअर नॉट माझ्यावर. दोन फासांची ही गाठ, एक काखेखाली, एक गुडघ्याखाली. तिच्यात अडकवून माणूस गच्चीवरून खाली सोडतात. विहिरीत पोहरा सोडावा तसं मला सोडलं. मध्यावर थांबवून उस्तादांनी वरच्यांना दहा मिनिटं गाठीचे बारकावे समजावले. मी भिंतीवरची पाल बघत होतो. पाल मला बघत होती.

स्ट्रेचरचा मात्र मी जाणकार झालो. दोन बांबू आणि एक चादर एवढ्यावर स्ट्रेचर होतं. चादरीचे पदर जखमीच्या अंगाखाली नीट दुमडले की त्याच्याच वजनाने ती घट्ट बसते, आणि या बाबतीत माझ्याएवढी घट्ट चादर त्या तुकडीत कुणी बसवली नाही. जिना चढताना डोकं पुढे, उतरताना पाय पुढे. पाय पुढे करून नेण्याचा आपल्याकडे जो अर्थ आहे तो मला उताणा पडल्या पडल्या नेमका आठवायचा. त्यात उस्ताद मागून ओरडायचे, "खांदा बदला!" एकदा मी चुकून हात जोडले.

मला सुट्टी मिळाली ती फक्त सीपीआरच्या, म्हणजे हृदय बंद पडलेल्याची छाती दाबून त्याला श्वास देण्याच्या, दिवशी. छाती पाच सेंटिमीटर दाबायची, मिनिटाला १०० ते १२० वेळा, तीसनंतर दोन श्वास. असलं काही जित्या माणसावर करत नाहीत, म्हणून रबरी धड आणलं होतं. ते दिवसभर लाथाबुक्क्या खात होतं आणि मी कोपऱ्यात चहा पीत त्याच्याकडे भाऊबंदासारखा पाहत होतो.

शेवटच्या दिवशी गावात प्रात्यक्षिक. इमारत पडलीय, मी पहिल्या मजल्यावर बेशुद्ध. कपाळाला अळता, सदऱ्यावर बिटाचा रस. पोरांनी मला झकास खाली आणलं, कुठे हिसका नाही. बघ्यांमधून एक आजी गलबलून पुढे आली. "अगं बाई, कुणाचं लेकरू गं!" म्हणत तिने तांब्या थेट माझ्या तोंडाला लावला. बारा दिवसांचं शिक्षण माझ्या अंगात उसळलं. ताडकन उठून बसत मी म्हणालो, "आजी, बेशुद्ध माणसाला पाणी पाजायचं नसतं. ठसका लागून जाईल तो!"

आजी तांब्या टाकून पळाली. उस्तादांनी डोळे मिटून घेतले. "कॅज्युअल्टी," ते शांतपणे म्हणाले, "आडवे व्हा."

प्रमाणपत्र मिळालं, शिवाय हेल्मेट, शिट्टी, गमबूट आणि मच्छरदाणीसकट एक पिशवी. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो. पुढे पैलवान, मागे तिघं, मधे स्ट्रेचर. माझा चेहरा पैलवानाच्या पाठीआड गेलेला, दिसत होते ते दोन तळवे. बायकोने पेपर लांब धरला, जवळ धरला.

"तुम्हीच," ती म्हणाली. "भेगा ओळखल्या मी."