सर्दी गेली, तोंड आलं

ताप उतरला, भूक लागली, पहिला घास घेतला आणि डोळ्यांत पाणी आलं, की समजावं तोंड आलंय. एवढे दिवस ते कुठं गेलं होतं हे विचारू नये, बोलवत नाही.

आमच्या लातूर-धाराशिवकडं थंडीतली सर्दी सरते न सरते तोच वेळ अमावस्या, म्हणजे शेतातल्या पूजेचा नि जेवणाचा सण, पुढ्यात. शेतात माठभर आंबील, भज्जी म्हणजे शेंगा-भाज्यांची मिसळभाजी, बाजरीचे उंडे, वर ठेचा. आंबिलीचा आंबटपणा त्या फोडाला लागला की माणूस डोळे गच्च मिटतो. बाकीच्यांना वाटतं, किती भक्तिभाव!

फोड केवढा? मसुरीच्या डाळीएवढा. मधे पिवळट, कडेनं लालभडक. पण जीभ तिथून हलायला तयार नाही.

"लई गरमी झाली बघा पोटात. जाईचा पाला चावा," हा निकाल गल्लीत कुणीही देतं. माझ्या मते पोट बिचारं निर्दोष आहे. नाक चोंदलं म्हणून रात्रभर तोंडानं श्वास घेतला, लाळ आटली, पाणी कमी प्यायलो, कोरड्या गालाला दात लागला. त्यात अंगात लोह नाहीतर बी-१२ कमी असलं तर बघायलाच नको. अँटिबायोटिकनं ना सर्दी जाते, ना हा फोड.

कोमट पाण्याच्या पेल्यात अर्धा चमचा मीठ, अर्धा मिनिट घोळवायचं, थुंकायचं, दिवसातून तीन-चारदा. काही शूर लोक ॲस्पिरिनची गोळी फोडावर दाबून धरतात. तिनं भाजून शेजारी दुसरी जखम होते.

डॉक्टरांनी ट्रायॲमसिनोलोनचं, म्हणजे सूज उतरवणाऱ्या स्टेरॉइडचं, मलम दिलं की खरी कसरत. रात्री दात घासून झाल्यावर जागा कापसानं टिपून कोरडी करायची आणि मलम नुसतं टेकवायचं. चोळलं की त्याची वाळूसारखी कचकच होते. एका बोटानं ओठ ओढायचा, दुसऱ्यावर मलम, बॅटरी धरायला घरातलं कुणीतरी. ते "अजून आ करा" म्हणेस्तोवर लाळ सुटते आणि जागा पुन्हा ओली. परत कापूस.

ओठावर बाहेरून जर उठला असेल, तर तो हर्पिस नावाच्या विषाणूचा. त्याला हे मलम चालत नाही आणि तो दुसऱ्याला लागतो. गालाच्या आतला हा फोड लागत नाही, तेव्हा आमचा पेला वेगळा ठेवू नका. लेकराच्या तळहाता-तळपायांवरही पुरळ असेल, तर ते दुखणंच निराळं, दाखवून आणा.

एरवी 7 ते 14 दिवसांत आपोआप भरतं. 3 आठवडे झाले तरी फोड तिथंच असेल, तर दवाखाना गाठा. गुटखा-तंबाखूवाल्यांनी तर नक्कीच.

तोवर आंबील लांबून बघायची. भज्जी निवू द्यायची, भाकरी कुस्करायची, वर तुपाची धार, आणि फोड डावीकडं असेल तर घास उजवीकडं.