बेनीसिंगाने गाविलगड विकला म्हणे!

माझी पुतणी तलाठी भरतीचा अभ्यास करते. तिने व्हॉट्सअपवरचा एक मजकूर जसाच्या तसा वहीत उतरवून घेतला, म्हणून हे लिहावं लागतंय. ‘गाविलगडाचा दडवलेला इतिहास’ असं त्याचं नाव, आणि सध्या अचलपूर-परतवाड्यात तो फोनाफोनी फिरतोय. त्यातलं सार असं: चिखलदऱ्याजवळचा हा गड गवळी राजांनी बांधला, गडाचा किल्लेदार बेनीसिंगाने सोनं घेऊन इंग्रजांना दार उघडून दिलं, मग १९४७ पर्यंत गड इंग्रजांकडेच राहिला, आणि आतून थेट नरनाळा किल्ल्यापर्यंत भुयार आहे.

आधी बेनीसिंग, कारण तिथे लिहिणाऱ्याने लाजच सोडलीय. गड पडला १५ डिसेंबर १८०३ ला. इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीने त्याच तारखेला गव्हर्नर जनरलला पत्र लिहिलं, ते छापलेलं आहे, कोणीही वाचावं. बाहेरच्या तटाला तोफांनी खिंडार पाडलं, पण आतला तट शाबूत होता. कॅप्टन कॅम्पबेलची तुकडी शिड्या लावून त्यावर चढली, आत उतरली आणि दार तिने उघडलं. गडावरची माणसं दरवाज्यांपाशीच सगळ्यात जास्त मारली गेली. बेनीसिंगही त्या दिवशी लढताना मेला. सोनं घेणारा माणूस मरायला थांबतो का हो? आणि दार फुकटात उघडणारच होतं, तर इंग्रजांच्या कर्नल स्टीव्हन्सनच्या फौजेने डोंगरातून वाट काढत, हाताने ओढत तोफा उत्तरेच्या अंगाला कशाला आणल्या? बायका-मुली शत्रूच्या हाती पडू नयेत म्हणून गडावरच्या राजपुतांनी त्यांच्यावरही शस्त्र चालवलं, हे इंग्रजांनीच नोंदवून ठेवलंय. अशांना फितूर म्हणायचं, आणि तेही घरी गादीवर बसून!

गवळ्यांचं थोडं मानतो. दगडी गडाच्या आधी तिथे गवळ्यांची मातीची गढी होती असं आपल्याकडे पूर्वापार सांगतात, आणि असेलही. पण जुना फारसी इतिहासकार फिरिश्ता लिहितो की गाविलगड अहमदशहा बहामनीने १४२५ च्या सुमारास बांधला. पुढे तो इमादशाहीकडे, मग निजामशाहीकडे, मोगलांकडे आणि शेवटी नागपूरकर भोसल्यांकडे गेला. मजकुरात यातलं एक नाव नाही.

भुयाराचं काय बोलावं! नरनाळा पार अकोटच्या डोंगरात, मधे मेळघाटातल्या दऱ्याच दऱ्या.

राहिलं १९४७. लढाईनंतर दोनच दिवसांनी, १७ डिसेंबरला, इंग्रज आणि भोसल्यांमध्ये देवगावचा तह झाला आणि त्यात गाविलगड, नरनाळा दोन्ही दुसऱ्या रघुजी भोसल्यांकडेच राहिले. १८२२ ला ते हैदराबादच्या निजामाकडे गेले. वऱ्हाडाचा कारभार इंग्रजांनी आपल्याकडे घेतला तो १८५३ ला. म्हणजे ज्याला हा गृहस्थ इंग्रजांचा काळ म्हणतो, त्यातली पहिली पन्नास वर्षं गड आधी भोसल्यांचा होता आणि नंतर निजामाचा.