म्हणे, ‘शिस्त असेल तर शुगर जागेवर राहते’!

टाइप १ मधुमेह असलेल्या मुलांच्या पालकांना उद्देशून लिहिलेला एक मेसेज गेल्या महिन्याभरात मला चौघांनी पाठवला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: हा आजार लाडांमुळे होतो. इन्सुलिन वेळेवर घेतलं आणि खाणं मोजलं की शुगर जागेवर राहते. राहिली नाही तर मूल चोरून खातंय. बारा वर्षांचं झालं की सगळं त्याच्यावर सोडा. शाळेत बोभाटा करू नका. आणि ‘मानसिक त्रास’ ही नवी थेरं आहेत. पाठवणारे चौघेही भली माणसं, म्हणूनच गप्प बसवत नाही. मी तेराव्या वर्षापासून इन्सुलिन घेतो.

लाडांचा मुद्दा पटकन निकालात काढू. टाइप १ मध्ये शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच स्वादुपिंडातल्या इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशी नष्ट करते. गोड खाण्याचा त्यात हात नाही, आईवडिलांचा तर नाहीच. पण घरात हे वाक्य चारदा ऐकलेलं मूल ‘हे माझ्यामुळेच झालं’ असं मनात धरून बसतं आणि कुणाला बोलून दाखवत नाही.

खरी मेख दुसऱ्या मुद्द्यात आहे. खाणं मोजलं, डोस बरोबर घेतला, तरी आकडा हलतो. वयात येताना वाढीची संप्रेरकं इन्सुलिनचा प्रभाव कमी करतात, त्यामुळे गेल्या वर्षीचा डोस यंदा पुरत नाही. ताप आला की शुगर चढते. परीक्षेच्या धास्तीने अ‍ॅड्रेनलिन आणि कॉर्टिसॉल ही ताणाची संप्रेरकं वाढतात, त्यांच्यामागोमाग शुगरही चढते. संध्याकाळी मैदानावर दमलं की मध्यरात्री उतरते, आणि पहाटे काहीही न खाता पुन्हा वर जाते. अमेरिका आणि कॅनडात 1983 ते 1993 या काळात डीसीसीटी नावाचा मोठा अभ्यास झाला. त्यात काटेकोर उपचार घेणाऱ्या गटातल्या किशोरवयीन मुलांची शुगरची तीन महिन्यांची सरासरी, म्हणजे एचबीएवनसी, प्रौढांपेक्षा जवळजवळ एका टक्क्याने जास्त राहिली, आणि शुगर धोकादायक पातळीपर्यंत उतरण्याचे प्रसंगही त्यांच्यातच अधिक आले. ही मुलं स्वखुशीने सामील झालेली होती आणि तज्ज्ञ त्यांच्या मागे उभे होते. आता यांनाही बेशिस्त म्हणायचं का?

मुलं खोटं बोलतात, हे मात्र खरं आहे. मीही बोललो आहे. वहीत न तपासलेले आकडे लिहायचो, 130, 142, 118. मुद्दाम थोडे वेडेवाकडे, म्हणजे संशय येऊ नये. कारण साधं होतं. मीटरवर 280 दिसलं की बाबांचा चेहरा पडायचा आणि पहिला प्रश्न यायचा, “काय खाल्लंस?” चोरून खाल्लेलं नसतानाही उत्तर द्यावं लागायचं. त्या खोट्या आकड्यांवर डॉक्टर डोस ठरवत होते, हे मला फार उशिरा कळलं. हल्ली अंगावर लावलेल्या सेन्सरमुळे आकडे थेट पालकांच्या फोनवर दिसतात, तेव्हा खोटी वही लिहायची सोय उरली नाही, पण “काय खाल्लंस?” आता शाळेतही मेसेजने पोचतं. त्याऐवजी “आता किती युनिट घ्यायचं?” एवढंच विचारलं असतं, तर मी पहिल्या दिवसापासून खरं सांगितलं असतं.

बाराव्या वर्षी सगळं सोडून द्या, हा सल्ला जबाबदारीच्या नावाखाली दिला जातो. सोडणं आणि सोपवणं यांत फरक आहे. किशोरवयातही पालक कामात सहभागी राहिले तर नियंत्रण चांगलं राहतं, असंच अभ्यासांत दिसतं. मुलाने डोस काढावा, मोठ्याने एकदा बघावा. कंटाळा आलेल्या दिवशी मोठ्याने पूर्ण भार घ्यावा. रजा नसलेलं काम आहे हे, मोठी माणसंसुद्धा त्याला विटतात.

शाळेतली चिडवाचिडवी मी नाकारत नाही. सगळ्या वर्गाला सांगायचं की नाही, हे मुलाने ठरवावं. पण शिक्षकांना आणि निदान एका मित्राला माहीत हवंच. शुगर 70 च्या खाली गेली की हात थरथरतात, घाम फुटतो, मूल उद्धट किंवा बावचळल्यासारखं वागतं. त्या वेळी त्याला शिक्षेची नाही, 15 ग्रॅम ग्लुकोजची गरज असते. 15 मिनिटांनी पुन्हा तपासायचं. बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, ताबडतोब वैद्यकीय मदत बोलवायची. हे माहीत नसलेल्या वर्गात गुपित पाळणं महागात पडू शकतं.

राहता राहिली ‘थेरं’. आजार सांभाळून आलेला हा थकवा मोजण्यासाठी 1995 पासून प्रश्नावली वापरात आहे. तो नैराश्याहून वेगळा असतो, कधी दोन्ही एकत्र असतात. मुलांच्या मधुमेहाविषयीच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांतही मनाची नियमित तपासणी सांगितलेली आहे. त्यातली एक गोष्ट पालकांच्या नजरेतून हमखास निसटते: वजन वाढेल या भीतीने काही मुलं-मुली इन्सुलिन टाळतात. त्यातून कीटोअ‍ॅसिडोसिस होऊन, म्हणजे इन्सुलिनअभावी रक्तात कीटोन नावाची आम्लं साठून, जिवावर बेतू शकतं. तपासणीच्या आदल्या दिवशी दरवेळी पोट दुखणं, मीटर पुन्हा पुन्हा ‘विसरणं’, वजन अकारण उतरणं, कीटोन वारंवार सापडणं, यांतलं काही दिसलं तर घरी उलटतपासणी घेत बसू नका. आकड्यांच्या वहीसोबत हेही डॉक्टरांना सांगा, आणि मुलाला त्यांच्याशी दहा मिनिटं एकट्याने बोलू द्या.